व्हायोलिनवर जगायचं तर

शास्त्रीय व्हायोलिन शिकणारा मुलगा किंवा मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली, हात बऱ्यापैकी तयार झाला, दोन-तीन स्पर्धांत बक्षिसं मिळाली, की घरात एक प्रश्न हमखास निघतो: याचं पुढे काय? त्याची दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, वाजवणं छंद म्हणून चालू ठेव आणि इंजिनिअरिंगचं बघ. दुसरं, गुणी पोर आहे, सगळं सोडून याच्याच मागे लागू दे, नाव झालं की पैसा आपोआप येईल. पहिल्या उत्तराने चार-पाच वर्षांत वाद्य कपाटात जातं. दुसऱ्याने विशी रियाजात छान जाते, पण पंचविशीनंतर कार्यक्रमाच्या फोनची वाट पाहण्यात दिवस जाऊ लागतात आणि ती वाट पाहणं हळूहळू वाजवण्यातही उतरतं. या लेखाचं म्हणणं तिसरं आहे. एकल मैफल हे ध्येय जरूर असावं, पण घर चालवण्याचा भार तिच्यावर टाकू नये. तो भार साथ, अध्यापन, वाद्यवृंद, ध्वनिमुद्रण किंवा संगीताशी जोडलेली नोकरी यांवर टाकावा. आणि ही कामं नाइलाजाने गळ्यात पडण्याची वाट न बघता विशीतच, विचार करून निवडावीत.

हे कमी प्रतीच्या कलाकारांसाठीचं सांत्वन आहे, असं कुणाला वाटेल. म्हणून हिंदुस्थानी व्हायोलिनला मैफलीत मानाचं स्थान मिळवून देणाऱ्यांकडेच पाहू. गजाननबुवा जोशी (1911–1987) एकल व्हायोलिनवादक होते, पण त्याआधी ते मोठे गवई होते, आणि उल्हास कशाळकर, वीणा सहस्रबुद्धे अशा गायकांचे गुरूही होते. व्ही. जी. जोग (1922–2004) यांनी लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवलं, पुढे आकाशवाणीत नोकरी केली, आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या जुगलबंदीने देशभर नाव मिळवलं. डी. के. दातार यांनी गायक द. वि. पलुसकरांना साथ केली, फिल्म्स डिव्हिजनमध्ये नोकरी केली, आणि गायकी अंगाचं व्हायोलिन कसं असावं याचा नमुनाच घालून दिला. एन. राजम बनारस हिंदू विद्यापीठात सुमारे 40 वर्षं शिकवत होत्या. कोलकात्याच्या शिशिरकणा धरचौधुरी रवींद्र भारती विद्यापीठात अध्यापन करत. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ मराठी घराघरांत पोचलं, पण त्यामागे सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाच्या शेकडो कार्यक्रमांतली साथ होती, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतलं वादन होतं आणि स्वतःचं संगीत दिग्दर्शनही होतं. यांतल्या कुणालाही केवळ एकल वादक म्हणून ओळखता येणार नाही.

परदेशातल्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या जगात मैफलींना पैसा जास्त, संस्था भक्कम, तेव्हा तिथे तरी चित्र वेगळं असेल, असं वाटू शकतं. पण मिदोरी या व्हायोलिनवादक स्त्रीचं उदाहरण घ्या. 1982 साली, अकराव्या वर्षी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर तिने पदार्पण केलं. जगातल्या मोठ्या वाद्यवृंदांबरोबर वाजवत असतानाच तिने 1992 मध्ये शाळकरी मुलांना संगीत शिकवणारी संस्था काढली, मानसशास्त्राची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेतली, आणि नंतर विद्यापीठात व्हायोलिन शिकवू लागली. मैफली कमी पडल्या म्हणून तिने हे केलं नाही. एवढ्या यशस्वी वादकालाही फक्त मैफलीभोवती आयुष्य बांधावंसं वाटलं नाही, हे आपल्याकडच्या पालकांनी लक्षात घ्यावं.

आता व्हायोलिनच्या बाबतीत ही गोष्ट जास्तच का लागू पडते, ते पाहू. महाराष्ट्रातल्या संगीत महोत्सवांत गायनाला मोठा वाटा असतो. उरलेल्या वादनाच्या जागांसाठी सतार, सरोद, बासरी, संतूर आणि व्हायोलिन यांची रांग असते. त्यातही महोत्सवांचा हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो, डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या आसपास भरात येतो आणि उन्हाळा लागला की ओसरतो. पावसाळ्यात गुरुपौर्णिमेचे आणि मंडळांचे कार्यक्रम असतात, पण त्यांत मानधनापेक्षा मानच अधिक. शिवाय एकल कार्यक्रमाचं मानधन अख्खं हातात पडत नाही. तबलजी, तानपुऱ्याची साथ, प्रवास, वाद्याची देखभाल हे सगळं त्यातूनच जातं. घरभाडं मात्र बाराही महिने सारखंच असतं. हंगामी उत्पन्न आणि मासिक खर्च यांचा मेळ बसत नाही, आणि तरुण वादक खचतो तो बहुधा या साध्या हिशेबामुळे. त्याला वाटत राहतं की आपली कलाच कमी पडली.

म्हणून पोटाचं काम निवडताना तीन प्रश्न विचारावेत. या कामात व्हायोलिन हातात राहतं का? राहत नसेल, तर निदान कान तरी संगीतात राहतो का? आणि रियाजाची वेळ, म्हणजे बहुतेकांसाठी सकाळ, मोकळी राहते का? तीनपैकी दोन प्रश्नांना ‘हो’ असेल तर काम घ्यावं. आकाशवाणीतलं किंवा संगीत महाविद्यालयातलं काम या कसोटीला उतरतं. गायकाची साथ उतरते. संगीताचं ध्वनिमुद्रण आणि संकलन शिकून स्टुडिओत केलेलं काम उतरतं, कारण वाद्य हातात नसलं तरी कान दिवसभर स्वरांत असतो. रात्रपाळीची, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंग आंबवून टाकणारी नोकरी पगाराला कितीही चांगली असली तरी उतरत नाही. ज्यांना पूर्णपणे बिनसंगीताची नोकरीच करायची आहे, त्यांनी ती जरूर करावी. पण मग दोन ध्येयांपैकी एकालाच पहिला मान मिळेल, हे आधीच मान्य करून टाकावं.

साथीचं काम थोडं जवळून बघू, कारण तरुण वादक सर्वांत जास्त नाक मुरडतात ते याच कामाला. गायक विलंबित ख्यालात आलाप करत असतो. व्हायोलिन त्याच्या मागोमाग, अगदी अर्ध्या श्वासाच्या अंतराने जातं. गज हलका ठेवायचा, गाण्याच्या वर आवाज जाऊ द्यायचा नाही. गायक श्वास घेईल तेवढ्याच जागेत त्याने नुकतीच घेतलेली संगती पुन्हा दाखवायची आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बाजूला व्हायचं. गायकाने गंधारावरून पंचमाला घेतलेली मींड एकाच बोटाने, तितक्याच वेळात, वाटेतला मध्यम रागाला हवा असेल तेवढाच दाखवत घ्यायची. पुढची जागा कोणती येणार हे कुणी सांगत नाही. ते बंदिश, राग आणि त्या गायकाची चाल ठाऊक असेल तरच कळतं. घरी तानपुऱ्यावर तास न् तास घोटलेल्या मींडेला ही कसोटी कधीच लागत नाही. गायकी अंगाने वाजवायचं असेल तर साथ हीच त्याची शाळा, आणि या शाळेत शिकवणीची फी भरावी लागत नाही, उलट मानधन मिळतं. ख्यालाच्या साथीत मुख्यतः हार्मोनियम असते, त्यामुळे तिथे व्हायोलिनच्या जागा कमी आहेत, हे खरं. पण नाट्यसंगीत, भावगीत, अभंगवाणीच्या कार्यक्रमांत व्हायोलिनला आजही मागणी आहे, आणि ख्यालगायनातही साथीला व्हायोलिन आवर्जून घेणारे गायक आहेत.

शिकवण्याबद्दलचा आक्षेप वेगळा आहे. नवख्यांचे बेसूर स्वर दिवसभर ऐकून शिकवणाऱ्याचाही कान बोथट होतो आणि हात मंदावतो, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. रोज संध्याकाळी चार ते नऊ मुलांची रांग लावली तर रियाज संपलाच म्हणून समजा. पण उपाय शिकवणं सोडण्यात नाही, मर्यादा घालण्यात आहे. आठवड्याचे ठरावीक दिवस शिकवावं, नवखे आणि पुढे गेलेले विद्यार्थी यांचं प्रमाण सांभाळावं, आणि फी इतकी कमी ठेवू नये की आकडा गाठायला विद्यार्थी वाढवावे लागतील. शिकवताना एक फायदा असा होतो, जो एकट्याने रियाज करून होत नाही. गज वाकडा का जातो, षड्ज थोडा चढा का लागतो, हे दुसऱ्याला समजावून सांगायचं झालं की स्वतःच्या हातात नकळत होणाऱ्या हालचालींचं कारण शोधावं लागतं. शिवाय अमेरिका, इंग्लंड आणि आखाती देशांतल्या मराठी कुटुंबांना मुलांना भारतीय संगीत शिकवायचं असतं आणि तिथे शिक्षक जवळपास नसतो. इंटरनेटवरून शिकवण्याने ही सोय झाली आहे. त्यात आवाज किंचित मागे-पुढे होतो, म्हणून गुरू-शिष्यांना एकत्र वाजवता येत नाही. पण स्वरस्थान, बोटांची ठेवण आणि गजाची दिशा शिकवता येते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: ज्यांची उदाहरणं दिलीत त्यांना नोकऱ्या मिळाल्या, त्या आता आहेत कुठे? हा प्रश्न रास्त आहे. आकाशवाणीत वादकांची कायमस्वरूपी भरती पूर्वीसारखी होत नाही, आणि फिल्म्स डिव्हिजन तर एनएफडीसीमध्ये विलीन झाली. पण यातून निघणारा धडा माझ्या म्हणण्याला बळच देतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेले किती तरी वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच; संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. एकेका गाण्यासाठी डझनावारी व्हायोलिनं लागत, त्या काळात त्या वादकांचं बरं चाललं. पुढे सिंथेसायझर आला, तारवाद्यांचा ताफा आक्रसत गेला, आणि ज्यांचं सगळं त्या एकाच कामावर होतं ते अडचणीत आले. शिकवणारे, संगीत संयोजन करणारे, स्वरलेखन लिहून देऊ शकणारे तगले. 2020 च्या टाळेबंदीत तेच झालं. मैफली बंद पडल्या तेव्हा ज्यांच्याकडे विद्यार्थी होते त्यांच्या घरी पैसे येत राहिले. म्हणजे मुद्दा ‘अमुक नोकरी धरा’ असा नाहीच. कुठलंही एक काम, मग ती मैफल असो वा नोकरी, सगळा भार पेलेल असं धरून चालू नका, एवढंच सांगणं आहे.

दुसरा आक्षेप गुरुघरातून येतो: संपूर्ण वाहून घेतल्याशिवाय विद्या येत नाही, दोन डगरींवर पाय ठेवणारा बुडतो. याचं उत्तर वयाच्या हिशेबाने द्यावं लागेल. साधारण दहाव्या ते बाविसाव्या वर्षापर्यंतचा काळ तालमीचा. तिथे मी तडजोड सुचवत नाही. त्या काळात कमाईच्या मागे लागून गुरूच्या समोर बसण्याचे तास कमी केले, तर ते पुढे भरून निघत नाहीत. याच वर्षांत गळ्यानेही शिकावं. गजाननबुवा आधी गवई होते म्हणून त्यांचं व्हायोलिन गात होतं, आणि एन. राजम यांनी लहानपणापासूनची कर्नाटक तालीम असूनही ओंकारनाथ ठाकुरांकडे जाऊन गायकी घेतली. पाश्चात्त्य परंपरेतही घाई न करण्याचाच दाखला मिळतो. व्हायोलिनवादक हिलरी हान दहाव्या वर्षी फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत दाखल झाली, सोळाव्या वर्षीच तिने पदवीच्या अटी पूर्ण केल्या, तरी आणखी शिकायचं म्हणून ती एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिथेच राहिली. तेव्हा वाहून घ्यायचं ते तालमीच्या वर्षांत. तीस वर्षांच्या माणसाने दोन पायांवर उभं राहणं म्हणजे दोन डगरींवर पाय नव्हे.

वयाप्रमाणे काय करावं, तेही सांगून टाकतो. लहान मुलाला त्याच्या हाताच्या मापाचंच वाद्य द्यावं, म्हणजे पाव, अर्ध किंवा पाऊण. ‘मोठा होईल तेव्हा पुरेल’ म्हणून पूर्ण मापाचं व्हायोलिन घेऊ नये, त्याने बोटं ताणून स्वरस्थानं चुकतात. 10 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या सीसीआरटी या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभाशोध शिष्यवृत्ती आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत देत राहाव्यात. त्यांनी कुणी कलाकार होत नाही, पण शाळा-महाविद्यालयातल्या कामासाठी कागद लागतो. 16 ते 24 हे वय आकाशवाणीच्या अखिल भारतीय संगीत स्पर्धेचं. आकाशवाणीची श्रवणचाचणी देऊन श्रेणी घ्यावी. बी, बी हाय, ए, टॉप अशा त्या श्रेण्या आहेत, आणि कार्यक्रम ठरवणारे आजही त्या विचारतात. 18 ते 25 वयोगटातल्या कलाकारांसाठी संस्कृती मंत्रालयाची दरमहा 5000 रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती असते. रक्कम फार नाही, पण त्या दोन वर्षांत कमाईची घाई टळते, आणि तेच तिचं खरं मोल. पुढे 25 ते 40 वर्षांच्या कलाकारांसाठी दरमहा 10,000 रुपयांची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे. त्या-त्या वर्षीची जाहिरात वाचूनच अर्ज भरावा. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांनी संगीतातली ‘नेट’ परीक्षा टाळू नये, कारण विद्यापीठातल्या नोकरीचं दार तिथून उघडतं. पाश्चात्त्य पद्धतीने शिकणाऱ्यांनी ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या आठ श्रेणी पूर्ण कराव्यात, चौकडीत आणि वाद्यवृंदात वाजवण्याची सवय ठेवावी. मुंबईच्या एनसीपीएमध्ये 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हापासून वाद्यवृंदाची नोकरी ही कल्पना आपल्याकडेही अगदी अशक्य राहिलेली नाही.

समाजमाध्यमांमुळे हे सगळं जुनाट झालं, आता मध्यस्थाची गरजच उरली नाही, असाही एक सूर आहे. लोकांपर्यंत पोचायला ती माध्यमं उत्तम आहेत, वापरावीतच. पण मिनिटभराच्या चित्रफितीत द्रुत गत आणि झाला चमकतो, विलंबित चमकत नाही. फक्त त्या मापाने वाजवत गेलं की हात त्याच मापाचा होतो, आणि पाऊण तास यमन मांडायची वेळ आली की पंधराव्या मिनिटाला सामान संपतं. पाहणाऱ्यांचा आकडा कार्यक्रमाच्या आमंत्रणात क्वचितच उतरतो. म्हणून या माध्यमांना जाहिरातीचा फलक समजावं, दुकान समजू नये.

राहिलं शरीर आणि वाद्य. कारकीर्द लांब हवी असेल तर या दोहोंची निगा हा खर्च नव्हे, भांडवल आहे. हिंदुस्थानी पद्धतीने मांडी घालून, वाद्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवताना डाव्या हाताला मींडेसाठी मोकळीक मिळते, पण मान पुढे झुकते आणि कंबर आखडते. दर पाऊण तासाने उठावं. मनगटात किंवा खांद्यात दुखू लागलं की ‘रियाजाने जाईल’ म्हणू नये, थांबून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं. येहुदी मेन्युहिनसारखा बालपणापासून गाजलेला वादक शरीराच्या अशाच ताणाने बेजार झाला होता. 1952 मध्ये मुंबईत त्याची बी. के. एस. अय्यंगारांशी गाठ पडली, आणि पुण्याच्या या योगाचार्यांकडून तो पुढे अनेक वर्षं शिकला. पन्नाशीतला त्रास पंचविशीत टाळता येतो, हे त्यावरून घ्यावं. वाद्याचं म्हणाल तर आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेने सरसाचे सांधे सुटतात. व्हायोलिन पेटीत ठेवावं, आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात. वाजवून झालं की गजाचे केस सैल करावेत आणि तारांवरची राळ कोरड्या फडक्याने पुसावी. साथीच्या किंवा ध्वनिमुद्रणाच्या कामाला जाताना तारांचा एक जादा संच बरोबर असावाच. ऐन वेळी तार तुटली आणि दुसरी नसली, तर पुढच्या वेळी बोलावणं येत नाही.

पालकांना शेवटी एवढंच सांगायचं आहे: मुलाला ‘कलाकार होणार की नोकरी करणार’ असं विचारू नका, कारण या वाद्याचा इतिहास त्या प्रश्नालाच खोटं ठरवतो. बाविशीपर्यंत त्याच्या तालमीचे तास राखा, त्या काळात त्याला कमवायला लावू नका आणि फुकटची कौतुकंही फार करू नका. आणि तरुण वादकांनो, एक वही करा. वर्षाअखेर त्यात मैफल, साथ, शिकवणी आणि इतर कामं यांतून किती पैसे आले आणि रियाजाला किती तास मिळाले, हे दोन्ही लिहा. एकाच रकान्यात सगळी कमाई दिसली किंवा तासांचा आकडा दरवर्षी घटत गेला, तर पुढच्या वर्षाची कामं बदला. वेळेत बदललीत, तर चाळिशीतही व्हायोलिन तुमच्या हातात असेल.